पणजीची नोंद कोणाच्या वहीत असेल?

ताई, मी नागपूरला एम. ए. इतिहासच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी ‘एम्प्रेस मिलमधल्या कामगार स्त्रिया, 1920 ते 1942’ हा विषय घेतला, कारण माझी पणजी त्या मिलमध्ये कामाला होती. आजीकडे पणजीच्या नावाची एक जुनी पावती आणि एक फोटो आहे, बाकी काही नाही. पहिला मसुदा दाखवला तर सर म्हणाले, “ही सगळी दुय्यम साधनं आहेत. प्राथमिक साधनं कुठं आहेत?” इंटरनेटवर शोधलं की तेच ते लेख येतात, मिल 1877 साली सुरू झाली आणि ती जमशेटजी टाटांनी काढली, एवढंच. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे डेटाबेस उघडले तर हजारो लेख दिसतात आणि माझ्या कामाचा एकही नसतो. दिल्ली-लंडनला जाणं मला परवडणार नाही. प्रबंध जमा करायला चार महिने आहेत. विषय बदलू का? घरची पावती साधन म्हणून चालते का?
– स., मानेवाडा

स., विषय बदलू नकोस. चांगला विषय आहे, आणि त्याची प्राथमिक साधनं, म्हणजे त्या काळातच लिहिले गेलेले कागद, तीही आहेत. ते तुझ्या शब्दांत लिहिलेले नाहीत, म्हणून तुला सापडत नाहीत इतकंच.

तू शोधखिडकीत ‘एम्प्रेस मिल कामगार स्त्रिया’ असं टाकत असशील. 1929 साली कुठल्याही कारकुनाने फाइलीवर हे शब्द लिहिले नव्हते. ते शब्द आजच्या लेखकांचे आहेत, म्हणून तुला आजचे लेख मिळतात. तेव्हा संगणक बंद कर आणि एका कोऱ्या कागदावर एकाच प्रश्नाचं उत्तर लिही: त्या वीस-बावीस वर्षांत ह्या बायकांबद्दल काही लिहून ठेवायची गरज कोणाला पडली असेल? मिलच्या व्यवस्थापनाला, पगारासाठी. कारखान्यांच्या सरकारी निरीक्षकाला, कारण बायकांच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा होती. शिरगणती करणाऱ्यांना. कौन्सिलात, म्हणजे प्रांताच्या कायदेमंडळात, प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला आणि त्याला उत्तर देणाऱ्या सरकारला. संप झाला की पोलिसांना. कामगार पुढाऱ्यांना, दलित चळवळीतल्या कार्यकर्त्यांना, वर्तमानपत्रांना. वस्तीत कल्याणकार्य करणाऱ्यांना. एम्प्रेस मिलचं ते काम वायएमसीए ह्या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेकडे होतं. ह्या प्रत्येकाने आपल्या कामापुरतं, आपल्या भाषेत लिहिलं. तो कागद कोणत्या खात्याचा आणि आज कुठे आहे, एवढं शोधायचं. विषयाच्या नावाने शोधणं सोड आणि लिहिणाऱ्याच्या नावाने शोध.

आता डेटाबेसबद्दल. विद्यापीठातून तुला जे दिसतं ते बहुतेक नियतकालिकांतले शोधनिबंध असतात. 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे सरकारी संस्थांना हजारो नियतकालिकं उघडी झाली, ही चांगली गोष्ट आहे, पण तुझ्या सरांच्या दृष्टीने ती दुय्यम साधनंच. तरी ती टाकून देऊ नकोस. तुझ्या विषयाच्या जवळपासचे दोन-तीन निबंध काढ, मुंबई-कानपूरच्या गिरणी कामगारांवरचे असले तरी चालतील, आणि मजकुराच्या आधी त्यांच्या तळटीपा वाच. तिथे फाइलींचे क्रमांक, खात्यांची नावं, अहवालांची वर्षं आयती मिळतात. शोधगंगेवर हेच कर. तिथे देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच. डी. प्रबंध आहेत, आपल्याही. विदर्भातल्या कामगार चळवळीवरचा किंवा दलित चळवळीवरचा प्रबंध उघडून थेट शेवटच्या संदर्भसूचीकडे जा. कोणीतरी वर्षानुवर्षं घालवून ती सूची केलेली असते. ती वापरायला संकोच करायचं कारण नाही, फक्त मूळ कागद स्वतः बघितल्याशिवाय तो बघितला असं लिहायचं नाही.

जेस्टोर ह्या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावरच ‘साउथ एशिया ओपन आर्काइव्ह्ज’ नावाचा वेगळा संग्रह आहे. तो सगळ्यांना फुकट आहे, विद्यापीठाचं लॉगिनही लागत नाही. त्यात ब्रिटिश काळातले प्रशासकीय अहवाल, शिरगणतीचे खंड, जुनी वृत्तपत्रं आणि मासिकं आहेत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा डिजिटल संग्रहही तसाच खुला आहे. अर्थकारण, शेती, कामगार ह्यांवरचे जुने सरकारी अहवाल तिथे जितके आहेत तितके मला मराठी मुलखात दुसरीकडे एका जागी दिसले नाहीत. आर्काइव्ह डॉट ऑर्ग तुला माहीत असेलच. त्यावर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची स्कॅन केलेली पुस्तकं प्रचंड आहेत, पण नोंदी करणाऱ्यांनी मराठी शीर्षकं रोमन लिपीत कशीही लिहिली आहेत. आ साठी दोन ए, ऊ साठी दोन यू, म्हणजे नागपूर हा शब्द चार तऱ्हांनी शोधावा लागतो. वैताग येतो, पण शोधायचं. 1877 च्या सुमाराचे इंग्रजी कागद पाहायची वेळ आली तर शहराचं जुनं स्पेलिंग, ‘नागपोर’, तेही टाकून बघ.

ह्या सगळ्यातून तू सर्वांत आधी काय उघडावंस, ते सांगते. जे. एच. व्हिटली ह्यांच्या अध्यक्षतेखाली 1929 साली ‘रॉयल कमिशन ऑन लेबर इन इंडिया’ नेमलं गेलं. त्याचा अहवाल 1931 साली आला. लोक अहवालच उद्धृत करतात. तुला हवेत ते त्याच्या सोबतचे पुराव्याचे खंड, आणि त्यांतला तिसरा खंड मध्य प्रांत, म्हणजे नागपूर राजधानी असलेला आपला प्रांत, आणि संयुक्त प्रांताचा आहे. अहवाल म्हणजे कमिशनने काढलेला निष्कर्ष. पुरावा म्हणजे सरकारने, मालकांनी, कामगार संघटनांनी लेखी काय दिलं आणि समोर बसवून प्रश्न विचारल्यावर कोण काय बोललं, ते. तोंडी साक्षीतल्या प्रश्नोत्तरांना क्रमांक असतात. हा क्रमांक तळटीपेत दिलास की परीक्षकाला ते वाक्य चटकन सापडतं.

हा खंड उघडल्यावर शोधखिडकीत ‘विमेन’ टाकलंस तर पानोपानी सापडेल आणि काहीच हाती लागणार नाही. आधी साक्षीदारांची यादी वाच. नागपूरचे कोण आहेत ते वहीत लिही: सरकारकडून कोण, मिलकडून कोण, कामगारांकडून कोण. मग त्या वेळच्या कागदांतले शब्द घे. कामगाराला ‘ऑपरेटिव्ह’ किंवा ‘मिल-हँड’ म्हणत. बायका मुख्यत्वे वाइंडिंग आणि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या, खात्यांत असत, म्हणून ह्या खात्यांची नावं टाक. ‘मॅटर्निटी’ टाक. ‘क्रेश’ टाक, म्हणजे पाळणाघर. ‘जॉबर’, म्हणजे मुकादम, टाक, कारण बाईला काम मिळणं आणि टिकणं त्याच्या हातात असे, आणि त्याच्या तक्रारी साक्षींत येतात. ‘फीमेल लेबर’ हा जोडशब्द टाक. आणि हे करूनही नागपूरची पानं सलग वाचून काढ. स्कॅनवरून यंत्राने वाचलेला मजकूर सदोष असतो. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द त्याला दोन शब्द वाटतात, कोष्टकातले आकडे तर तो भलतेच वाचतो. शोधाला ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर आलं म्हणजे पानावर काही नाही, असं कधीही धरून चालू नकोस.

वाचताना एक गोष्ट तुला खटकेल आणि ती खटकायलाच हवी. ह्या बायकांबद्दल सगळे बोलतात, बाई स्वतः क्वचित बोलते. व्यवस्थापन सांगतं पाळणाघर आहे. बाई तिथे मूल का ठेवते किंवा का ठेवत नाही, हे दुसऱ्याच कोणाच्या तोंडून येतं. म्हणून मी तुला साक्षीदारांची यादी आधी करायला सांगितली. प्रत्येक वाक्यापाशी ‘हे कोण म्हणतंय आणि का’ असं लिहीत गेलीस तर तुझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण ह्या खंडातून उभं राहील. मिलने स्वतःच्या कौतुकासाठी छापलेला मजकूर मिळाला तर तोही वापर. पगार किती होता ह्याला तो भरवशाचा पुरावा नाही, पण आपण कामगारांचं किती भलं करतो हे जगाला कसं सांगितलं जात होतं, ह्याला तो अस्सल पुरावा आहे. कागद प्राथमिक की दुय्यम हे तू त्याला काय विचारतेस त्यावरही ठरतं.

दुसरा धागा कायद्याचा. मुंबई इलाख्याने 1929 साली बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा केला आणि मध्य प्रांताने 1930 साली. आपल्या प्रांताचा कायदा नागपूरच्या कौन्सिलात चर्चा होऊनच झाला आणि कौन्सिलाच्या कामकाजाचे छापील खंड निघत. त्यांत कोणी काय आक्षेप घेतला, मालकांच्या बाजूने कोण बोललं, किती आठवड्यांचा भत्ता द्यायचा ह्यावर घासाघीस झाली का, हे तुला शब्दशः वाचायला मिळेल. शिवाय कारखाना कायद्याच्या अंमलबजावणीचा प्रांताचा वार्षिक अहवाल असे. त्यात पुरुष, स्त्रिया, मुलं अशी कामगारांची विभागणी, अपघात, खटले हे सगळं कोष्टकात असतं. एक अहवाल वाचून फारसं कळत नाही. आठ-दहा वर्षांचे ओळीने लावलेस आणि बायकांचा आकडा वर जातो की खाली हे पाहिलंस, की तुझ्याकडे दुसऱ्या कोणी न मांडलेली गोष्ट असू शकते. जोडीला 1931 च्या शिरगणतीचा मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा खंड घे आणि त्यातली व्यवसायाची कोष्टकं बघ.

दिल्लीला न जाता दिल्लीच्या फाइली बघता येतात. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ 2015 पासून आहे. ईमेल देऊन नाव नोंदवायचं, पैसे लागत नाहीत, आणि ज्या फाइली स्कॅन झाल्या आहेत त्या घरबसल्या वाचायच्या. पण तिथे शोध चालतो तो मुख्यतः फाइलीच्या शीर्षकावर. आतल्या मजकुरावर चालेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. म्हणून खातं माहीत हवं. तुझ्या काळात कामगारांचा विषय बराच काळ ‘इंडस्ट्रीज अँड लेबर’ खात्याकडे होता, तेव्हा त्या खात्यात ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ आणि वर्ष टाकून बघ. संप, सभा, मोर्चे ह्यांसाठी ‘होम, पोलिटिकल’. त्यातच प्रांतांकडून दर पंधरवड्याला दिल्लीला जाणारे गुप्त अहवाल आहेत. मध्य प्रांताचा भाग दोन-तीन पानांचा असतो, कधी एखादाच परिच्छेद. तरी नागपुरात संप चालू असताना सरकारला नेमकी कशाची धास्ती होती ते त्यातून कळतं.

आता आपल्या शहरातलं. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रांताची (पुढच्या मध्य प्रदेशची) राजधानी होतं. प्रांत मोडला तेव्हा कागदही वाटले गेले, काही इथे राहिले, काही भोपाळला गेले. म्हणून पुराभिलेख खात्याच्या नागपूर कार्यालयात एखादी फाइल नाही म्हटलं तर ती नष्टच झाली असं समजू नकोस. भोपाळच्या अभिलेखागाराला पत्र लिही. तिथे जाणं दिल्लीपेक्षा तर नक्कीच सोपं आहे.

वर्तमानपत्रांसाठी मात्र पाय झिजवावे लागतील. ‘हितवाद’ 1911 पासूनचा, गोपाळराव ओगल्यांचा ‘महाराष्ट्र’ 1914 पासूनचा. दोन्ही ह्याच शहरात निघत होते आणि गिरणीतला संप त्यांना दाराशी घडत होता. विद्यापीठाचं ग्रंथालय, विदर्भ साहित्य संघ, विदर्भ संशोधन मंडळ आणि बर्डी-महालातली जुनी वाचनालयं, ह्या सगळ्यांकडे बांधीव फायलींची चौकशी कर. फोनवर ‘जुने पेपर आहेत का’ असं विचारलंस तर नाही असंच उत्तर येईल. ‘1930 च्या जानेवारी ते जूनची महाराष्ट्रची फाइल बघायची आहे’ असं प्रत्यक्ष जाऊन सांग. नेमकं मागणाऱ्या माणसासाठी ग्रंथालयातला माणूस कपाट उघडतो. मी आयुष्यभर त्या टेबलाच्या पलीकडे बसले आहे, हे अनुभवाने सांगते. आणि महिना-दोन महिन्यांची मुदत आधी ठरवून जा. कमिशनच्या साक्षींतून, पंधरवड्याच्या अहवालांतून संपाची तारीख मिळाली की त्या तारखेच्या पुढचे-मागचे अंक काढायचे. वीस वर्षांची फाइल पहिल्या अंकापासून चाळत बसायला तुझ्याकडे वेळ नाही.

एक कागद असा आहे की तो नसेल तर तुझा प्रबंध मी अपुरा मानेन. तू 1942 पर्यंत का थांबतेस ते पत्रात लिहिलं नाहीस, पण वर्ष बरोबर निवडलं आहेस. 20 जुलै 1942 ला नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजर होते. तिच्या ठरावांत गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या रजेची आणि निवृत्तिवेतनाची मागणी आहे. त्या अधिवेशनाचा अहवाल त्याच वर्षी नागपुरातच छापला गेला. व्हिटली कमिशनपुढे बहुतेक इतर लोक ह्या बायकांबद्दल बोलत होते. इथे बायकांनी आपल्या परिषदेत, आपल्या अध्यक्षांसमोर मागणी मांडली. हे दोन कागद शेजारी ठेवून वाच. महाराष्ट्र शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड तर बघच, आणि ‘जनता’ साप्ताहिकाचे 1942 चे अंक कुठे मिळतात तेही विचार. ह्या कामी दीक्षाभूमीच्या परिसरातले, इंदोऱ्यातले जुने कार्यकर्ते तुला कुठल्याही डेटाबेसपेक्षा लवकर मदत करतील. त्यांच्या घरात स्मरणिका, पत्रकं, हस्तलिखित वह्या असतात.

घरच्या पावतीचं विचारलंस. चालते, आणि उत्तम चालते. दोन्ही बाजूंचा उजेडात फोटो काढ. शिक्का, तारीख, खात्याचं नाव, रक्कम, अंगठा आहे की सही, हे सगळं जसं आहे तसं उतरवून घे, शुद्धलेखन सुधारू नकोस. लॅमिनेट तर अजिबात करू नकोस, कागद कायमचा जातो. मग आजीला बसवून, तिची परवानगी घेऊन, फोनवर बोलणं ध्वनिमुद्रित कर. पणजी किती वाजता निघायची, डबा काय असायचा, मूल कोणाकडे ठेवायची, जॉबरला काय म्हणायचे, पगाराच्या दिवशी घरी काय व्हायचं. ‘तेव्हा परिस्थिती कशी होती’ असं मोघम विचारलंस तर मोघमच ऐकायला मिळेल. मुलाखतीची तारीख आणि जागा नोंदव. आजीने स्वतः पाहिलेलं आणि आईकडून ऐकलेलं ह्या दोन गोष्टी वेगळ्या लिही. पावतीवर खात्याचं नाव असलं, तर कमिशनच्या खंडात तेच खातं आधी शोध.

आणि सापडलेला प्रत्येक कागद त्याच बैठकीत नोंदव. संग्रहाचं नाव, खातं, फाइलीचा क्रमांक, वर्ष, पान, आणि ऑनलाइन असेल तर दुवा आणि पाहिल्याची तारीख. पीडीएफ उतरवून घे आणि तिला नाव दे. ‘डाउनलोड 14’ नावाची फाइल चार महिन्यांनी तुलाच ओळखू येणार नाही. कुठे काय शोधलं आणि मिळालं नाही, तेही वहीत लिही. सरांनी “हे बघितलं का?” म्हटलं की तुझ्याकडे उत्तर असेल.

चार महिन्यांत 1920 ते 1942 हा सगळा काळ पेलणार नाही, हे मात्र खरं. 1929 ते 1931 हा गाभा धर. कमिशन, बाळंतपणाचा कायदा, शिरगणती ही तिन्ही तिथेच आहेत. शेवटचं प्रकरण 1942 च्या परिषदेवर कर आणि मधल्या वर्षांचं निरीक्षकाच्या आकड्यांवरून एका प्रकरणात आटप. सरांना हा बदल आधीच सांग, बहुतेक ते खूशच होतील.

पहिला महिना ऑनलाइन संग्रहांना दे. पण पुराभिलेख कार्यालयासाठी विभागप्रमुखांचं ओळखीचं पत्र ह्याच आठवड्यात मागून ठेव, कारण विद्यापीठात त्या एका सहीला किती दिवस लागतील सांगता येत नाही. जाताना आधार कार्डाची प्रत, कोरी वही आणि पेन्सिल ने. शाईचं पेन अभिलेखागारात बहुधा आत नेऊ देत नाहीत. फोटो काढायचे असतील तर आधी विचार आणि शुल्क असेल तर पावती घे, ती प्रबंधाच्या फाइलीत लावून ठेव.